साठ दिवसांची मुदत

न्यू जर्सीतल्या एडिसनला माझी बहीण राहते. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे होतो. एका रविवारी आठ-दहा मराठी माणसं जेवायला जमली आणि पानं वाढून होईपर्यंत वाद पेटला. २०२६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं होतात. भाचीला शाळेसाठी त्यावर लिहायचं होतं आणि तिनं लिहिलं होतं की साध्या शेतकऱ्यांनी बंदुका उचलल्या आणि जगातल्या बलाढ्य साम्राज्याला हरवलं. एका काकांनी ते तिथल्या तिथे खोडून काढलं. फ्रान्सचं आरमार आलं नसतं तर हा देशच झाला नसता, बाकी सगळ्या शाळेत सांगायच्या गोष्टी, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यांनी दोघांनाही थांबवून सांगितलं की वॉशिंग्टननं आपल्या महाराजांसारखा गनिमी कावा वापरला, म्हणून तो जिंकला. आमटी निवली तरी कोणी मागे हटेना.

हाच वाद मी मराठीत आणि इंग्रजीत इतक्या वेळा वाचला आहे की आता त्याचा त्रास होतो. सगळे एकाच गोष्टीवर भांडतात: शेवटचा घाव कोणी घातला? पण ब्रिटिशांनी त्या युद्धात कितीतरी मोठ्या लढाया जिंकल्या होत्या. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, सव्हाना, चार्ल्स्टन ही शहरं वेगवेगळ्या वेळी त्यांच्या ताब्यात होती. मग इतकं जिंकूनही त्यांच्या हाती काही का उरलं नाही? माझं उत्तर असं आहे. वसाहतवाल्यांकडे दोन गोष्टी एकाच वेळी होत्या. एक म्हणजे कितीही मार खाल्ला तरी न मोडणारी खडी फौज, आणि दुसरी म्हणजे पहिली गोळी सुटण्याआधीच गावोगाव कारभार हाती घेऊन बसलेल्या समित्या. ब्रिटिश पलटण पुढे सरकली की तिच्या मागे पुन्हा समितीचाच हुकूम चालू व्हायचा. फ्रान्सनं युद्धाचा शेवट घडवला, हे मला मान्यच आहे. पण तोवर ते युद्ध जिवंत राहिलं ते या जोडीमुळे.

गनिमी काव्याचा मुद्दा आधी निकालात काढतो. वॉशिंग्टनला झाडामागून गोळ्या झाडणाऱ्यांची फौज नकोच होती. त्याला हवी होती युरोपीय पद्धतीची, कवायती, पगारी, लांब मुदतीसाठी भरती झालेली फौज. मिलिशियावर, म्हणजे गावोगावच्या हंगामी शिपायांवर विसंबणं म्हणजे मोडक्या काठीवर भार टाकणं, असं त्यानं सप्टेंबर १७७६ मध्ये काँग्रेसला, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, लिहून कळवलं होतं. महाराष्ट्राच्या इतिहासाशी तुलना करायचीच असेल तर ती १६८९ नंतरच्या काळाशी करावी. रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले, तरी राज्य चालू राहिलं. रामचंद्रपंत अमात्य इकडे कारभार पाहत होते, संताजी-धनाजींच्या फौजा मोगलांची रसद तोडत होत्या, आणि पाव शतक दख्खनेत काढून औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला. राजधानी हातची गेली म्हणून राज्य संपत नाही, हा अनुभव फिलाडेल्फियाच्या पुढाऱ्यांना १७७७ मध्ये आला. मराठ्यांना तो त्याआधी जवळजवळ नव्वद वर्षं आला होता. तुलनेचा खरा धागा इथे आहे. झाडीतून छापे घालण्यात तो सापडणार नाही.

आता भाचीचं वाक्य. त्यात बरंच खरं आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. १९ एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टन आणि काँकर्डहून बोस्टनला परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना वाटेतल्या गावांनी भाजून काढलं, तेव्हा वॉशिंग्टन सेनापती झालेलाही नव्हता. त्याच वर्षी १७ जूनला बंकर हिलची टेकडी घेताना ब्रिटिशांचे हजारावर लोक मेले किंवा जखमी झाले. समोर होते बहुतांशी शेतकरी आणि कारागीर. पण शौर्यानं साम्राज्य हरतं असं असेल तर पोलंडचं काय? तादेउश कोशचुश्को हा पोलिश इंजिनियर १७७६ मध्ये अमेरिकेत आला. साराटोगाजवळच्या टेकड्यांवरची तटबंदी त्यानं आखली, वेस्ट पॉइंटचा बंदोबस्तही त्यानंच बांधला. मायदेशी परतून १७९४ मध्ये त्यानं रशियाविरुद्ध उठाव केला. रात्सवावित्सेच्या लढाईत शेतकरी कोयते सरळ करून लांब दांड्यांना बांधून रशियन तोफांवर धावून गेले आणि त्या तोफा त्यांनी घेतल्या. याहून मोठं धाडस कुठे शोधायचं? तरी ऑक्टोबरमध्ये मात्सेयोवित्सेला कोशचुश्को जखमी होऊन पकडला गेला आणि १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून पुसला गेला. माणूस तोच, ध्येय तेच, शेतकरी तितकेच शूर. फक्त शत्रू शेजारी होता, तीन हजार मैलांवर नव्हता, आणि बळ गोळा करायला सवड मिळाली नाही.

सवड हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकन वसाहतवाल्यांनी ती आधीच मिळवून ठेवली होती. १७७४ च्या काँग्रेसनं ब्रिटिश मालावर बहिष्कार जाहीर केला आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला प्रत्येक परगण्यात, शहरात, गावात समिती निवडायला सांगितलं. माल कोणी मागवला याची चौकशी ही समिती करायची आणि बहिष्कार मोडणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापायची. दिसायला हे किरकोळ काम. पण हजारो सामान्य माणसं यामुळे राजाच्या अधिकाऱ्याला न विचारता हुकूम द्यायला आणि ते पाळून घ्यायला शिकली. मॅसॅच्युसेट्समध्ये तर सप्टेंबर १७७४ मध्ये वूस्टरच्या रस्त्यावर चार हजारांहून अधिक माणसं दुतर्फा उभी राहिली आणि राजानं नेमलेल्या न्यायालयाच्या अधिकाऱ्यांना हातात टोपी घेऊन, राजीनाम्याचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचत त्यांच्या मधून चालत जावं लागलं. एकही गोळी सुटली नाही. लेक्झिंग्टनला सात महिने अवकाश होता, पण त्या परगण्यापुरती राजाची सत्ता त्या दिवशीच संपली होती.

याची खरी कसोटी लागली न्यू जर्सीत. ऑगस्ट १७७६ मध्ये ब्रिटिश जनरल हाऊ तीसेक हजारांची फौज घेऊन न्यूयॉर्कला उतरला. त्यात हजारो जर्मन भाडोत्री सैनिकही होते. लाँग आयलंडला वॉशिंग्टन हरला. नोव्हेंबरमध्ये फोर्ट वॉशिंग्टन पडला तेव्हा जवळजवळ २,८०० माणसं कैद झाली. उरलेली फौज न्यू जर्सीतून मागे हटत डेलावेअर नदीपलीकडे गेली आणि त्यातल्या बहुतेकांची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती. अशा वेळी, ३० नोव्हेंबरला, हाऊ आणि त्याचा आरमारप्रमुख भाऊ यांनी जाहीरनामा काढला: साठ दिवसांत राजनिष्ठेची शपथ घ्या, सगळं माफ, जीव आणि मालमत्ता सुरक्षित. न्यू जर्सीतल्या हजारो लोकांनी शपथ घेतली आणि संरक्षणाचा कागद घेतला. घेणारे कोण होते? तेच शेतकरी, ज्यांच्याबद्दल भाची लिहीत होती. मी त्यांना नावं ठेवणार नाही. अंगणात परकी पलटण, आपली फौज नदीपलीकडे, घरात लहान मुलं. अशा वेळी सहीचा कागद पुढे आला तर आपण काय केलं असतं?

पण सव्विसाव्या दिवशी, २६ डिसेंबरच्या सकाळी, वॉशिंग्टन सुमारे २,४०० माणसं घेऊन गोठणारी नदी ओलांडून ट्रेंटनवर आला आणि नऊशेच्या आसपास जर्मन सैनिक कैद केले. आठवड्यानं प्रिन्स्टनला आणखी एक विजय. लष्करी हिशेबानं या छोट्या चकमकीच. पण साठ दिवसांची मुदत संपायच्या आत फौज अजून आहे हे लोकांना दिसलं. त्यात ब्रिटिश आणि जर्मन शिपायांनी संरक्षणाचा कागद दाखवणाऱ्यांचीही घरं लुटली होती. मग जानेवारीच्या शेवटी वॉशिंग्टननं उलटा हुकूम काढला: हाऊचे कागद तीस दिवसांत आणून द्या आणि संयुक्त संस्थानांशी निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर कुटुंबासकट शत्रूच्या मुलखात निघून जा. उरलेला हिवाळाभर ब्रिटिश फौज न्यू ब्रन्सविक ते पर्थ अँबॉय या पट्ट्यात कोंडल्यासारखी राहिली. घोड्यांची वैरण आणायला तुकडी बाहेर पडली की मिलिशिया तिच्यावर तुटून पडायची. सगळ्या वसाहतींची भाकरी आपल्या मुठीत आहे असं मानणाऱ्या फौजेचं खारवलेलं मांस, पीठ आयर्लंडच्या कॉर्क बंदरातून येत होतं. १७७७ चा जून संपता संपता हाऊनं न्यू जर्सी सोडली. आमचा वाद ज्या घरात चालला होता ते एडिसन याच पट्ट्यात येतं, आणि त्या टेबलावरच्या एकालाही त्या हिवाळ्याबद्दल माहीत नव्हतं. मला याचं खरोखर वाईट वाटलं.

या हिवाळ्यात मिलिशिया आणि खडी फौज एकमेकांशिवाय काहीच करू शकली नसती. एकटी मिलिशिया मैदानात टिकत नाही. ऑगस्ट १७८० मध्ये कॅम्डेनला तिच्यातले बरेच जण गोळी न झाडताच पळाले. पण शत्रूला प्रत्येक गावात मोठी तुकडी ठेवायला भाग पाडणं, राजनिष्ठ शेजाऱ्याला डोकं वर काढू न देणं, ही कामं तिच्याशिवाय कोण करणार होतं? अमेरिकन सेनानी डॅनियल मॉर्गननं जानेवारी १७८१ मध्ये काउपेन्सला हे ओळखलं. मिलिशियाला त्यानं सांगितलं, दोन-तीन फैरी झाडा आणि मागे व्हा. ती मागे सरली, पाठलाग करणारे ब्रिटिश खड्या फौजेसमोर येऊन आदळले आणि तो दिवस ब्रिटिशांना फार महाग पडला. खडी फौज टिकवणं तर त्याहून जिकिरीचं. व्हॅली फोर्जच्या छावणीत १७७७-७८ च्या हिवाळ्यात सुमारे दोन हजार माणसं रोगानं गेली. कागदी डॉलरची किंमत उरली नाही. पगाराविना पेन्सिल्वेनियाच्या पलटणींनी जानेवारी १७८१ मध्ये बंड केलं. वॉशिंग्टनच्या कामगिरीतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट लढाईची नाहीच. १७७७ च्या फेब्रुवारीत त्यानं सगळ्या फौजेला देवी टोचून घ्यायचा हुकूम दिला. तेव्हाची पद्धत म्हणजे खऱ्या देवीचीच लागण करून घेणं; त्यात माणसं आठवडेच्या आठवडे आजारी पडत आणि शत्रूला कळलं असतं तर घात होता. तरी त्यानं ते केलं, कारण फौज जगली तर बाकी सगळं पुढे बघता येणार होतं.

आता काकांचा मुद्दा, आणि तो या वादातला सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. सुरुवातीच्या वर्षांत वसाहतवाल्यांकडची बहुतेक बंदुकीची दारू परदेशातून आली, आणि त्यात फ्रान्सचा वाटा फार मोठा. १७७६ मध्येच फ्रान्सच्या राजानं आडून पैसा पुरवून, एका बनावट व्यापारी पेढीच्या नावानं, शस्त्रं पाठवायला सुरुवात केली होती. व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला, शेवटच्या मोठ्या वेढ्यात, तर वादच नको. ५ सप्टेंबर १७८१ ला फ्रेंच दर्यासारंग द ग्रासच्या आरमारानं चेसापीकच्या तोंडाशी ब्रिटिश आरमाराला परतवलं नसतं तर ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस समुद्रमार्गे निसटला असता. वेढ्यातल्या बऱ्याच तोफा, वेढ्याचं शास्त्र जाणणारे बरेच इंजिनियर आणि निम्म्याच्या आसपास शिपाई फ्रेंचांचे. १९ ऑक्टोबरला सात हजारांहून अधिक ब्रिटिश सैन्यानं शस्त्रं ठेवली, ती फ्रान्सशिवाय ठेवली नसती. त्याआधीच स्पेन आणि हॉलंडही युद्धात उतरले होते. ब्रिटनला जिब्राल्टरपासून वेस्ट इंडीजपर्यंत जहाजं वाटून द्यावी लागली.

हे सगळं मान्य. पण फ्रान्सनं उघड तह केला तो ६ फेब्रुवारी १७७८ ला, म्हणजे साराटोगाला ब्रिटिश जनरल बर्गॉइननं साडेपाच हजारांवर सैन्यासह शरणागती पत्करल्यानंतर. बर्गॉइन कॅनडातून उतरला तो राजनिष्ठ लोक येऊन मिळतील या भरवशावर. आले ते मिलिशियावाले, आणि रोज वाढत्या संख्येनं. घोडे आणि धान्य आणायला पाठवलेली त्याची तुकडी बेनिंग्टनला कापली गेली. फ्रान्सनं हरणाऱ्या घोड्यावर पैसे लावले नव्हते. आणि फ्रेंच मदतच निर्णायक असेल तर आयर्लंडचा हिशेब कसा लावायचा? डिसेंबर १७९६ मध्ये चाळीसच्या वर फ्रेंच जहाजं हजारो सैनिक घेऊन बॅन्ट्री खाडीत आली आणि वादळामुळे परत गेली. ऑगस्ट १७९८ मध्ये जनरल अंबेर हजारेक फ्रेंच शिपाई घेऊन किलालाला उतरला आणि कासलबारला जिंकलाही. पण तोवर आयरिश उठाव चिरडून झाला होता. त्याला येऊन मिळेल अशी फौज नव्हती, त्याच्या पाठीमागचा मुलूख सांभाळेल असा कारभार नव्हता. महिना-पंधरा दिवसांत तो बॅलिनामकला शरण गेला. त्या वेळी आयर्लंडमध्ये ब्रिटिश राजाचा प्रतिनिधी होता कॉर्नवॉलिस, तोच यॉर्कटाउनचा. फ्रेंच एकदा त्याच्यासमोर जिंकले आणि एकदा हरले. दोन्ही वेळी फरक पडला तो त्यांच्या शेजारी कोण उभं होतं यानं.

यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस पोहोचला कसा, हेही बघावं. दक्षिणेत त्यानं पाठोपाठ विजय मिळवले. पण ऑक्टोबर १७८० मध्ये किंग्ज माउंटनला त्याच्या बाजूच्या राजनिष्ठांची हजारेक माणसांची तुकडी पार संपली, आणि तिथे दोन्हीकडून लढणारे जवळजवळ सगळे अमेरिकनच होते. त्यानंतर राजाच्या बाजूनं उघड उभं राहायला लोक कचरू लागले. मार्च १७८१ मध्ये गिलफर्ड कोर्टहाउसला अमेरिकन सेनापती नॅथॅनियल ग्रीनला त्यानं मैदानातून हटवलं, पण स्वतःची चौथाईहून जास्त फौज गमावून. असा आणखी एक विजय मिळाला तर ब्रिटिश फौजच बुडेल, असं विरोधी पुढारी फॉक्स ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बोलला. मग कॉर्नवॉलिस किनाऱ्याकडे आणि तिथून व्हर्जिनियात गेला. त्याच्या पाठीमागे ग्रीन एकही मोठी लढाई न जिंकता कॅरोलायनातली ठाणी एकामागून एक मोकळी करत गेला. चेसापीकमध्ये द ग्रास येण्याआधीच कॉर्नवॉलिसच्या हातून आतला मुलूख निसटला होता.

मात्र या समित्यांचं गुणगान करताना एक गोष्ट झाकणं मला जमणार नाही. त्या धाकानं चालायच्या. राजनिष्ठांना डांबर फासून, पिसं चिकटवून फिरवलं गेलं, त्यांच्या जमिनी जप्त झाल्या, आणि युद्धानंतर साठ हजारांच्या आसपास लोक देश सोडून गेले. वसाहतींतला दर पाचवा माणूस गुलाम होता. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डन्मोर यानं बंडखोर मालकांचे जे गुलाम आपल्या बाजूनं लढायला येतील त्यांना मुक्त करीन असं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्यासाठी स्वातंत्र्याची वाट ब्रिटिश छावणीकडे जात होती. खुद्द वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यातून पळालेला गुलाम हॅरी १७८३ मध्ये न्यूयॉर्कहून सुटलेल्या तीन हजारांत होता. इरोक्वाय या मूळनिवासी लोकांची चाळीसेक गावं १७७९ मध्ये काँग्रेसच्या फौजेनं जाळली. म्हणून 'सगळी जनता उठली' हे मला मान्य नाही. जनतेतला एक संघटित भाग उठला, त्यानं बाकीच्यांना तटस्थ राहायला किंवा सोबत यायला लावलं, आणि सात-आठ वर्षं पकड सोडली नाही.

या युद्धाचं एक टोक महाराष्ट्रापर्यंत पोहोचतं, हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं. १७७७ मध्ये सँ ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील पुण्याला आला आणि त्याच्या नुसत्या येण्यानं कंपनीचे अधिकारी धास्तावले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला तह लिहून द्यायला लावला, साराटोगानंतर पंधरा महिन्यांनी. १७८२ मध्ये पेन्सिल्वेनियाच्या लोकांनी आपल्या एका लढाऊ जहाजाला हैदर अलीचं नाव दिलं होतं. एकाच साम्राज्याशी त्याच वर्षांत इकडे आणि तिकडे झुंज चालू होती. म्हणूनच त्यापुढची चाळीस वर्षं मला स्वस्थ बसू देत नाहीत.

फेब्रुवारी १८१८ मध्ये सातारा घेतल्यावर एल्फिन्स्टननं जाहीरनामा काढला: बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांत आपापल्या घरी परता, वतनं, इनामं राखली जातील. हाऊचे साठ दिवस आणि एल्फिन्स्टनचे दोन महिने. मराठा सरदार, शिलेदार हळूहळू घरी परतले. त्यांना घाबरट ठरवणं सोपं आहे, पण न्यू जर्सीतल्या हजारोंनी असाच कागद घेतला होता. फरक मुदतीच्या आत काय घडलं यात आहे. तिकडे फौज नदी ओलांडून परत आली, आणि मागोमाग कागद परत करा असं बजावणारा हुकूम. इकडे जाहीरनाम्याला दहा दिवस होतात न होतात तोच आष्टीला बापू गोखले पडले आणि छत्रपती इंग्रजांच्या छावणीत गेले. साताऱ्याच्या आसपासच्या एखाद्या जहागीरदाराच्या दारात येऊन 'तो कागद इकडे दे' म्हणायला कोण येणार होतं? गावात तसं म्हणू शकेल अशी समिती कधी निवडलीच गेली नव्हती, आणि पेशवा रोज मुक्काम हलवत पळत होता.